बिडीची सुट्टी

मंठ्याच्या रस्त्यावर खडी फोडणारी पोरं म्हणायची, पुंजाराम मुकादम लहानपणी डोक्यावर पडलाय. इतर कामांवर बिडी ओढणाऱ्याला बसायला मिळायचं. ह्याच्या कामावर सगळंच उलटं. न ओढणाऱ्यानं दहा मिनिटं खुशाल बसावं, पेटवणाऱ्यानं हातोडा उचलावा. आठवडी बाजारात तर हा बिनकामाच्या पोरांच्या घोळक्यात घुसून तोंडातल्या बिड्या काढून घ्यायचा. शिव्या खायचा आणि पुढच्या बाजारी पुन्हा हजर.

हसू नका. बाहत्तरच्या दुष्काळात ह्याच मुकादमाच्या हाताखाली त्याचा भाचा वसंता आला, अठरा वर्षांचा. तेव्हा ह्याच्याही कामावर ओढणाऱ्यालाच बसायला मिळायचं. बिडीची सुट्टी झाली तेव्हा त्यानं विचारलं, "मामा, मी बिडी वढत न्हाई. नुस्तं बसू का?"

चार माणसांत मामाला चेव आला. "नुस्तं बसायला लग्नात आला का रं?"

सगळे खिदळले. दुसऱ्या दिवशी वसंताच्या हातात बिडी होती, आणि त्याला बसायला मिळालं. छातीत खडीची धूळ जातच होती, तिच्यात धुराची भर पडली. तीन वर्षांत पोरगं खोकत खोकत गेलं.

तेव्हापासून कुठं काडी ओढल्याचा आवाज आला की पुंजारामाला पाठीमागून ऐकू यायचं, "नुस्तं बसू का?" तो दचकून वळायचा. मागं कुणी नसायचं. बहीण साळूबाई त्याला एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिनं धाकट्या देवानंदला त्याच्याकडं धाडलं. "हा एकच राह्यलाय," एवढंच म्हणाली. देवानंद चोरून ओढायचा. मामानं आधी झापलं, मग हात जोडले, शेवटी खिशात फुटाणे भरून दिले: तल्लफ आली की चार तोंडात टाक.

आठ दिवस पोरानं दात-ओठ खात काढले. नवव्या दिवशी भर उन्हात त्याच्या हातातून हातोडा गळाला.

"मामा, हात थरथरून राह्यले. सुट्टीला टाइम हाय, ठावं हाय मला. पण जरा नुस्तं बसू का?"

पुंजाराम ह्या खेपेला मागं वळला नाही.

"बस," तो म्हणाला. "बस रं, वसंता."

आजूबाजूचे हातोडे थांबले. देवानंदनं नाव दुरुस्त केलं नाही. तो बसला, आणि सरकून मामालाही जागा केली.