एकाच माइकचा कार्यक्रम

आमच्या मुलीचा चेहरा माझ्याकडे आहे. शाळेच्या वर्गाच्या फोटोत आहे, मद्रासला एग्मोरच्या स्टुडिओत दोन वेण्या पुढे घेऊन काढलेल्या फोटोत आहे. आवाज नाही. रेल्वेच्या क्वार्टर्समधे आमच्याकडे रेडिओ होता, पण तो स्वतःचंच बोलायचा, आपलं काही धरून ठेवायचा नाही. ती गेली तेव्हा मला वाटलं, हा आवाज काय कानातून जातो थोडाच! गेला हो. कधी गेला तेही कळलं नाही. ती काय काय बोलायची ते सगळं आठवतं, शब्दनशब्द सांगेन, पण आठवताना ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

म्हणून गेल्या वर्षी माझा धाकटा मुलगा फोन घेऊन आला तेव्हा मी आधी ऐकू येतंय का तेच विचारलं. त्याच्या शाळेतल्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर कुणीतरी एक चित्र टाकलं होतं. एग्मोरला एका जुन्या बंगल्यात काही मंडळी टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातल्या टेपा वाचवण्याचं काम करतात. त्यांना मुलांच्या विज्ञानाच्या कार्यक्रमाची एक टेप सापडली होती आणि यातली मुलं कोण हे ते विचारत होते. चित्र धुरकट होतं. पण मधल्या रांगेतल्या त्या वेण्या मीच घातलेल्या.

टीव्ही मद्रासला तेव्हा नवा नवा होता. शाळेतून निवडक मुलं नेली, त्यात आमची. विषय होता हृदय. प्रश्न कुणी कोणता विचारायचा हे बाईंनी आधीच ठरवून दिलेलं. हिच्या वाट्याला आलं, हृदय एका मिनिटात किती वेळा धडधडतं. एवढंच. तमिळमधे. आमचे उच्चार मिरजेकडचे, म्हणून तिने ते वाक्य इतकं घोकलं की चपात्या लाटता लाटता मलाही पाठ झालं. तिचे वडील चिडवायचे, "अगं, मिनिटाचं उत्तर मिळालं की पुढच्या महिन्याचा हिशोबही मागून घे." त्या दिवसांत तिला मधूनच ताप यायचा. गुडघे, कोपरं दुखायची. डॉक्टर म्हणाले होते, वाढीचं वय आहे, पण छातीला नळी लावून जरा जास्तच वेळ ऐकत बसले होते.

कार्यक्रम करून आली ती दहीभात खात बसली आणि बशीत ठेवलेल्या बकऱ्याच्या हृदयाचं असं वर्णन केलं की ह्यांनी ताट सरकवलं. नीट झालं का विचारलं तर झालं म्हणाली. ज्या संध्याकाळी तो टीव्हीवर दाखवणार होते, त्या संध्याकाळी क्वार्टर्सची अख्खी ओळ शेजारच्या तमिळ बाईंकडे जमली. त्यांच्याकडेच फक्त टीव्ही. आणि वीज गेली. परत आली तेव्हा भाताच्या पिकावरच्या किडीबद्दल कुणी सांगत होतं. सगळे हसले. तीही हसली. पुढच्या वर्षी हृदयानेच ती गेली. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. त्याला ती आठवतच नाही, मागून कुणीतरी त्याचा सदरा धरून ठेवायचं एवढंच आठवतं.

आता ती टेप वाचली कशी ते ऐका. तेव्हा टेपा महाग, म्हणून एकीवरचा कार्यक्रम पुसून दुसरा भरायचे. विज्ञानावर शेती, शेतीवर गाणी. ह्या टेपेला सुरुवातीलाच चुणी पडली होती, म्हणून कुणीतरी डब्यावर खराब असं लिहून बाजूला टाकली. त्यामुळे तिच्यावर कुणी काही भरलं नाही.

मी आणि धाकटा, हल्ली राहतो त्या वेलचेरीहून गाडीने गेलो. तिथे काम बघणारी तमिळ बाई माझ्या नातीच्या वयाची. मला अम्मा म्हणाली, खुर्ची पुढे घेतली. तिने समजावलं की इथल्या हवेने टेप सादळते, चिकटते, तशीच लावली तर सोलून निघते. म्हणून आधी एका पेटीत मंद उबेवर ठेवावी लागते. मी म्हटलं, आमच्याकडे पापडाचं असंच करतात. ती हसली. पण नंतर गंभीर होऊन म्हणाली की पूर्ण टेप एकदाच लावणार, त्यातच उतरवून घेणार, दुसऱ्यांदा ती चालेल असं नाही. आवाज आहे का, मी विचारलं. आहे, म्हणाली, ते ग्रुपवरचं चित्र काढताना क्षणभर लावून बघितली होती, आवाज चांगला आहे.

आवाज चांगला आहे. मी पदर तोंडाशी धरून बसले.

चित्र थरथरत आलं. चष्मा घातलेले डॉक्टर, बशी, बशीत ते हृदय. डॉक्टरांचा आवाज अगदी स्वच्छ, घसा खाकरलेलाही कळे. मग मुलांच्या रांगा. पहिल्या मुलाने तोंड हलवलं. काहीच ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हा मुलगा विचारतोय की... आणि त्यांनी प्रश्न सांगितला. दुसऱ्या मुलीचंही तसंच. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. ती बाई हळूच म्हणाली, "अम्मा, तेव्हा बऱ्याचदा माइक एकच असायचा. तो डॉक्टरांच्या गळ्यात आहे."

आधीच घोकून घेतलेले प्रश्न. डॉक्टरांपुढे यादी असणार. मुलांचं ऐकू आलं नाही तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

मग आमची उभी राहिली. वेण्या मागे टाकल्या. बोलायला लागली.

ते वाक्य मला पाठ होतं, म्हणून मी तिच्या ओठांबरोबर ते मनात म्हणायला लागले. माझं संपलं. ती बोलतच होती. मधेच थांबली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि परत बोलली. चांगलं लांब. डॉक्टर मान डोलवत होते. मग म्हणाले, ही मुलगी विचारतेय की हृदय एका मिनिटात किती वेळा धडधडतं. आणि उत्तर द्यायला लागले.

तिने मान हलवली. नाही म्हणून. मग हात वर केला. चित्र बशीकडे गेलं.

"तिने दुसरंच काहीतरी विचारलं," धाकटा म्हणाला.

"हो."

"काय विचारलं असेल ते..."

"अंदाज करू नकोस," मी म्हटलं. "तिच्या तोंडी कुणी काही घालायचं नाही आता."

त्याने त्या बाईला विचारलं, ओठ वाचणारं कुणी असतं ना. तिने चित्र मागे नेऊन दाखवलं. उतरवून झालं होतं, आता हवं तितकं मागेपुढे करता येत होतं. डॉक्टरांचा खांदा मधे येतो आणि उरलेल्या तोंडावर जुन्या टेपेच्या पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस. ती म्हणाली, खोटी आशा देणार नाही अम्मा. मनाने बरी आहे ही बाई.

त्याची प्रत आता धाकट्याच्या फोनवर आहे. तो मला आवाज बंद करून लावून देतो. डॉक्टरांचं काय ऐकायचं? घरी आल्यावर शेवटपर्यंत पाहिलं तेव्हा लक्षात आलं. कार्यक्रम संपतो, सगळी मुलं टाळ्या वाजवतात, पुढे अक्षरं सरकायला लागतात. त्या अक्षरांच्या मागे ती टाळ्या वाजवत नाहीये. हात अजून वरच आहे. आणि दुसऱ्या हाताने तिने त्या हाताचं कोपर खालून धरलंय. दुखायचं ना तिला ते.