बंदूक ठाण्यात असते तेव्हा

जोतीराम फौजेतून हवालदार होऊन परतले आणि कराडच्या एका बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यावर संशय घ्यायचा, हेच तिथलं काम. हेल्मेट न काढणारा, बाकावर नुसताच बसून राहणारा, बाहेर गाडी चालू ठेवून थांबणारा, एकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांच्या उभ्या नोकरीत बँकेवर कुणी चालून आलं नाही. "मी हुतो म्हणून न्हाई आलं," असं ते म्हणायचे. बंदूक स्वतःच्या लायसनची होती. नोकरी संपल्यावर ती घेऊन ते तासगावजवळच्या आपल्या गावी आले, आणि ती नजरही त्यांच्यासोबत आली.

गावात संशय घ्यायला माणसं थोडी, पण सगळी जवळची. त्यांच्या द्राक्षबागेला लागून चुलतभाऊ आण्णाची बाग होती. बांधावरून वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. ठिबकची नळी फुटली, आण्णा. कुत्रं भुंकलं, आण्णा. रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली तरी त्यामागं आण्णाच. बायको तानुबाई ऐकून घ्यायची आणि आपल्या कामाला लागायची.

विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती. आचारसंहितेत ठाण्यात जमा केलेली बंदूक जोतीराम नुकतीच परत घेऊन आले होते. अशात एक दिवस दारात स्कूटी थांबली. गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेली एक तरुण मुलगी उतरली.

"काका, मी आम्रपाली. सांगलीच्या कॉलेजात संशोधन करते. घरात बंदूक असावी का, लायसनचे नियम कसे असावेत, याबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारत फिरतेय."

"आमच्यात बंदूक हाय, हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनाही विचारते. आत्ता शेजारी आण्णांकडूनच आले."

झालं. आण्णाचं नाव निघालं आणि जोतीरामांच्या डोक्यात सगळं जुळलं. लायसन रद्द करायचा डाव. त्यांनी ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं, त्यावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसानं मुलगी आमचीच आहे म्हणून सांगितलं. तो माणूस तरी कशावरून खरा, असं त्यांना वाटलं. पण नकार दिला तर तेच उलट वर कळवतील, म्हणून ते ओट्यावर बसले.

"लायसन कुणाला मिळावं?"

"फौजेतनं आल्याल्यास्नी. बाकी कुणाला न्हाई."

"नियम आणखी कडक करावेत का?"

"करावंत की. आमाला सोडून."

आम्रपाली हसली नाही, तिनं टॅबवर बोट टेकवलं. "निवडणुकीत बंदूक जमा होती, तेव्हा कसं वाटलं?"

"डोळ्याला डोळा न्हाई लागला."

"कधी कामी आली का ती?"

हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. दोन हंगामांमागं दिवस मावळताना बागेत चोर शिरला होता. मांडवाखाली वाकून बसला होता. जोतीरामांनी आवाज दिला, उत्तर नाही. बंदूक रोखली, तेवढ्यात तानुबाई मध्ये आली आणि चोर वेलीआडून पसार झाला. चहाच्या टपरीवर कैकदा सांगितलेली ही गोष्ट त्यांनी तिलाही सांगितली.

"आता मावशींशी बोलते. एकट्यांशी."

"तिला काय कळतंय बंदुकीतलं?"

"बंदुकीतलं नाही विचारत, काका. घरातलं विचारते."

दोघी गोठ्यात जाऊन बसल्या. ओट्यावरून तानुबाईची पाठ तेवढी दिसत होती. जोतीरामांची मुलाखत एका चहात आटोपली होती, ही काही संपेना. मध्येच त्या मुलीनं टॅब मांडीवर ठेवला आणि ती नुसती ऐकत राहिली. ती निघाली तशी जोतीराम स्कूटीला आडवे गेले.

"काय सांगितलं तिनं?"

"ते मला सांगता येत नाही, काका. तुमचंही मी त्यांना सांगितलेलं नाही."

बायकोला विचारायचं म्हणजे कमीपणा. न विचारावं तर अन्न गोड लागेना. तानुबाईनं काडतुसांची जागा सांगितली असेल, अशी शंका त्यांना आली. एका दुपारी ते ट्रंकेतली काडतुसं काढून बाजरीच्या डब्यात लपवत होते. तानुबाई दारात येऊन उभी राहिली.

"माज्यापासनं लपवताय व्हय?"

"काय सांगितलंस त्या पोरीला?"

ती खाली बसली. "म्हनलं, बंदूक ठाण्यात असती तवा मला झोप लागती."

जोतीरामांना ते कळेना. "आगं, चोर आला तवा हीच..."

"त्यो चोर नव्हता. आपला विश्वजीत हुता. आण्णा भावजींचा ल्योक."

त्यांनी हातातली काडतुसं खाली ठेवली.

"आपला वॉल उघडा ऱ्हायला हुता, पाणी वाया चाललं हुतं. त्यो बंद कराया आल्ता. कानात त्ये गाण्याचं घातल्यालं, तुमची हाक त्याला ऐकू न्हाई गेली. तुमचं बोट चापावर हुतं. मी बंदुकीची नळी वर ढकलली. वॉल बंद करून त्यो आल्या वाटंनं गेला. त्याला आजून कायबी ठावं न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, आण्णानं मुद्दाम धाडला."

ती खोटं बोलतेय का, असा विचार त्यांनी करून पाहिला. पण त्या दिवशी वॉल बंद कुणी केला, हे कोडं त्यांना तेव्हाही पडलं होतं. आण्णाची काहीतरी खोडी म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजीत मोटरसायकलवरून चालला होता. पुढं टाकीवर धाकटी लेक, मागं थोरला. बोलणं मोठ्यांचं बंद होतं, त्यानं कधी बंद केलं नव्हतं. "तात्या, तासगावला चाललोय. काय आणायचं का?" त्यानं गाडी हळू करत विचारलं. जोतीरामांनी हातानंच नको म्हटलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते त्या पोरांकडे बघत तिथंच उभे होते.

त्याच आठवड्यात ठाण्यात कळवून ते सांगलीला गेले आणि परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात बंदूक ठेवायला दिली. तिथंही त्यांनी कपाटाला दोनदा हिसका देऊन पाहिला, किल्ली कुणाकडं असते ते विचारलं, पावतीवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून घेतला.

"विकूनच टाका की," दुकानदार म्हणाला.

"बघू," जोतीराम म्हणाले. हा स्वस्तात घ्यायला टपलाय, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर ते घराकडे न वळता आण्णाच्या अंगणात गेले. आण्णा बाजेवर बसला होता. त्यानं वर पाहिलं, बाजूला सरकला आणि म्हणाला, "बस."

हा बस का म्हणतोय, असं जोतीरामांच्या मनात आलंच. तरी ते बसले.