पाळणाघरातले मोदक

माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा तिचा खाऊचा डबा रोज भरलेलाच परत यायचा, आणि त्याला कारण मी होतो. बायको सकाळी लवकर कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची. पोरीला आवरून सिंहगड रोडवरच्या पाळणाघरात सोडणं माझ्याकडे होतं. ती स्कूटरवर रडू नये म्हणून मी तिच्या हातात बिस्किट द्यायचो. मग दुसरं. पुढे पुढे तिला दुसरं काही चालेनासंच झालं. बायकोला मी हे सांगितलं नव्हतं. शेवटी पाळणाघराच्या काकूंनीच मला दारात गाठलं.

"अहो, हिच्या तोंडाला रोज बिस्किटाचा वास येतो. घरी स्वयंपाक होतो ना?"

त्या दिवशी मी घरी सगळं कबूल केलं. बायको चिडली नाही, तिने भरलेला डबा रिकामा करून घासायला घेतला. ते जास्त लागलं.

पाळणाघरात दर गुरुवारी एका घरातून सगळ्या मुलांसाठी खाऊ यायचा. साखर नाही, तळलेलं नाही, अख्खा दाणा तर मुळीच नाही, कारण एवढ्या लहान घशात तो अडकतो. आमची पाळी आली तेव्हा मी म्हणालो, या वेळी मी करतो. पोरीने एकदा तरी माझ्या हातचं काही खावं, एवढंच मनात होतं.

"गॅसला हात न लावता कर म्हणजे झालं," बायको म्हणाली. माझं दूध तापवणं तिने पाहिलेलं होतं.

बुधवारी ऑफिसातून आल्यावर बसलो. खजुराच्या बिया काढल्या, कोमट पाण्यात भिजवून तो मिक्सरमधून काढला. त्यात डाळ्याचं पीठ, दाण्याचं बारीक कूट, वेलदोड्याची पूड, चमचाभर तूप. इथवर उत्तम. मग हलके व्हावेत म्हणून राजगिऱ्याच्या लाह्या घातल्या, आणि त्या जरा जास्तच पडल्या. लाडू वळला की लगेच फुटायचा. दाबला की बोटांतून भुगा.

आई देवळात गेली होती. तिच्या देवाच्या कपाटात मोदकाचा पितळी साचा असतो. शहरातल्या जुन्या घरातून इकडे राहायला येताना तिने साच्यासकट देवाची सगळी भांडी टेम्पोत न देता मांडीवर घेतली होती. गणपतीखेरीज त्या साच्याला कोणी हात लावत नाही. मी लावला. मिश्रण ठासून भरलं, साचा उघडला, तर कळीदार मोदक! मी डबाभर केले, साचा धुऊन पुसून जागेवर ठेवला आणि रात्री जेवताना आईच्या नजरेला नजर दिली नाही.

सकाळी काकूंनी डबा हातात घेतला. "तुम्ही केलंत? मग आधी मीच खाऊन बघते."

त्यांनी चव घेतली, मान हलवली आणि डबा मुलांपुढे उघडला. ऑफिसला उशीर होत होता, तरी मी सँडलचा पट्टा लावायचं नाटक करत दारात थांबलो.

एकानेही हात पुढे केला नाही. गणपती जाऊन महिनाच झाला होता. मोदक दिसताच एका मुलाने हात जोडले आणि "मोया!" म्हणून ओरडला. दुसऱ्याने टाळ्या सुरू केल्या. बघता बघता सगळी गोल बसून टाळ्या वाजवायला लागली, त्यात माझीही.

काकू माझ्याकडे वळल्या. "आरती झाल्याशिवाय ही खायची नाहीत. बाबा, करा सुरुवात. मोदक तुम्ही आणलेत."

घरच्या आरतीत मी मागे उभा राहून नुसते ओठ हलवतो. त्या सकाळी एका पायात सँडल घालून खड्या आवाजात आरती म्हटली, बेसूर. "मोया" झालं आणि मुलं डब्यावर तुटून पडली. माझ्या पोरीने आधी कळी मोडून खाल्ली, माझ्याकडे पाहिलं, मग उरलेला अख्खा तोंडात कोंबला. तो संपायच्या आत शेजारच्याच्या हातातला ओढायला लागली. मला इतका अभिमान कुठल्याही बढतीचा वाटलेला नाही.

संध्याकाळी आईसमोर रिकामा डबा ठेवला आणि साचा घेतल्याचं सांगितलं. तिने चष्मा वर केला.

"न विचारता?"

"हो. चुकलं."

"आरती केलीत?"

"मुलांनी करायला लावली. मी म्हटली."

"तू?" तिने डब्याच्या कडेला चिकटलेला भुगा बोटाने काढून तोंडात टाकला. "वेलदोडा जास्त झालाय," ती म्हणाली. आणि उठून देवाच्या कपाटातला साचा आणून स्वयंपाकघरात, पोळपाटाशेजारी ठेवला.

आमची पाळी पुन्हा यायला बराच अवकाश होता. मी मात्र त्याच संध्याकाळी खजूर आणायला बाहेर पडलो. उद्याचा डबा होताच की. पोरगी स्कूटरवर पुढे उभी होती, हात रिकामे, आणि रस्ताभर टाळ्या वाजवत होती.