परवा म्हणजे नक्की कधी?

परवा... नको. या शब्दाने पोस्ट सुरू करायची माझी हिंमत नाही. मंगळवारी दुपारी सव्वातीनला, ह्यूस्टनमध्ये, युनिव्हर्सिटीच्या पार्किंग लॉटमध्ये फोन वाजला आणि मी तो उचललाच नाही.

स्क्रीनवर लिंडाचं नाव होतं. लिंडा म्हणजे मावशींची वकील. आणि मावशी म्हणजे... थांबा, नीट सांगतो.

मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. मराठवाड्यातल्या एका गावात त्या राखीव जागेवर सरपंच झाल्या, आणि पहिलं काम काय केलं तर आपल्या वस्तीत नळ आणला. आधी धमक्या आल्या, मग एक दिवस घर पेटवलं. त्यांचे मिस्टर आत होते.

आता त्या इथे ह्यूस्टनजवळ, शुगर लँडला भावाकडे राहतात. मला परत पाठवू नका, एवढंच त्यांचं इथल्या सरकारकडे मागणं आहे. गावातली ती माणसं गावातच आहेत...

त्यांनी सगळी हकिकत वहीच्या अकरा पानांवर मराठीत लिहिली. इंग्रजी मी केलं. मी कथा लिहितो, जरा वेगळ्या, मोडतोड वगैरे केलेल्या... त्यामुळे भाषा आपल्याला येते असा माज होताच. खाली सही केली की दोन्ही भाषा मला उत्तम येतात आणि भाषांतर अचूक आहे.

त्यात एक वाक्य होतं. 'परवाच दारात येऊन सांगून गेले होते, नळ काढ नाहीतर बघून घेऊ.' मी लिहिलं, आगीच्या बरोबर दोन दिवस आधी.

आता तुम्हीच सांगा यार, आपण 'परवा' म्हणतो तेव्हा मोजून दोन दिवस असतात का? तीन आठवडेही असतात, कधी तर गेला महिनाही असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण 'दोन दिवस' लिहिलं की सीन टाइट होत होता...

पोलिसातल्या तक्रारीत धमकी आगीच्या तीन आठवडे आधीची होती. कोर्टात मावशींनीही तीन आठवडेच सांगितलं. जज म्हणाले, कागदावर दोन दिवस आणि तोंडी तीन आठवडे, असली गोष्ट माणूस विसरत नाही. बाई विश्वासार्ह नाही. म्हणजे नळ खोटा, आग खोटी, नवराही खोटा.

लिंडाने तेव्हा मला विचारलं होतं, हा शब्द बरोबर आहे ना? मी म्हणालो, डिक्शनरीत बघ, पहिला अर्थ तोच आहे. स्टुडंट व्हिसावर आलेला मी, खाली माझी सही... घाबरलो होतो, दुसरं काही नाही. तिने अपिलात 'भाषांतरात चूक असू शकते' एवढी एक ओळ टाकली. तेही अपील फेटाळलं.

आता फक्त वरचं कोर्ट उरलं होतं. तेव्हा मला झोप येईना, आणि मी लिंडाला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, वरचं कोर्ट नवीन कागद घेतच नाही, मावशींना समोर उभंही करणार नाही. जजने विश्वास ठेवला नाही त्याला काही आधार होता का, एवढंच ते जुन्या फाइलवरून बघणार.

मग मावशींना सांगायला गेलो. त्या डायनिंग टेबलवर मेथी निवडत होत्या. मी म्हणालो, दोन दिवस मी घातले, वाचायला बरं वाटत होतं म्हणून.

"कुणाला?"

एवढंच विचारलं त्यांनी. मान वर न करता. मेथीची ती जुडी संपेपर्यंत मी तिथे बसून राहिलो...

शनिवारी लिंडाच्या ऑफिसात मी अख्खी फाइल उघडली. मावशींचं मूळ मराठीही त्यात लावलेलं होतं. मी पहिल्यांदाच ते लेखक म्हणून नाही, तर चूक शोधणारा क्लार्क म्हणून वाचलं. बोट ठेवून, शब्दाशेजारी शब्द.

नवव्या पानावर परत तोच शब्द. 'परवा भावाचं पत्र आलं.' आणि तिथे मी काय केलं होतं? 'मध्ये एकदा.' तो पॅरा जरा निवांत होता ना...

एकच शब्द, एकच हात, दोन अर्थ. म्हणजे घोळ माझ्या भाषांतराचा, मावशींचा नाही, आणि त्याचा पुरावा समोर. आणि नवीन कागद नव्हे... पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये. लिंडाने दोन्ही पानांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या.

त्यानंतर चौदा महिने वाट. मावशींच्या भावाने मेलबॉक्स उघडणं सोडलं, मावशी स्वतःच उघडायच्या. लिंडाचा फोन आला की मी तो आधी उलटा ठेवायचो.

तर मंगळवार. चौथ्यांदा वाजला तेव्हा उचलला. वरच्या कोर्टाने निकाल रद्द केला होता... एका शब्दाच्या भाषांतरावरून बाईला खोटं ठरवता येणार नाही, खालच्या कोर्टाने केस नीट परत ऐकावी. जिंकलो नाही. परत सुनावणी, परत तेच प्रश्न, परत ती आग पहिल्यापासून सांगायची.

मावशींना फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"परवा ये जेवायला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "गुरुवारी रे, लेखक. लिहून घे."

लिहून घेतलं. अजूनही त्या मला घरी बोलावतात, याहून जास्त मी काय मागू... गुरुवारी भाकरी आहे. त्याच्या पुढची तारीख अजून कोर्टाकडून यायची आहे.