भज्यांचा कागद

किन्हवलीच्या एसटीवर मी कंडक्टर आहे. दुसऱ्या बाकावर रोज एक बाई बसतात. पुढच्या पाड्यावरच्या शाळेत शिकवतात. नाव मी कधी विचारलं नाही. लग्नपत्रिका, बियाण्याची पिशवी, म्हसा गावच्या जत्रेचं पत्रक, मिळेल ते मांडीवर घेऊन तळव्यानं सपाट करतात. एकदा माझ्या भज्यांचा कागदही मागितला.

"पोरांना वाचायला," म्हणाल्या. "आधी ओळखायचं, गोष्ट आहे, बातमी आहे की जाहिरात. मग वाचायचं."

मला हसूच आलं.

परवा परतीच्या गाडीला त्या पाड्यावरून एक आजोबा नातीला घेऊन चढले. शहापूरला गुडघ्याचं तेल आणायला निघाले होते. हातात पेपरातलं कात्रण. "आठ दिवसांत गुण. बातमी आलीय!"

नातीनं कात्रण वाचलं. "आजा, ही बातमी नाय, जाहिरात हाय. खाली दुकानाचा नंबर हाय बघ."

"तिसरीत हाय आमची!" आजोबांनी अख्ख्या गाडीला सांगितलं. घरी निघालेल्या बाई दुसऱ्या बाकावर खिडकीबाहेर बघत होत्या, पण पाठ ताठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्याच तेलाचा रिकामा खोका दिला. "मीपण बातमीच समजलो होतो."

त्यांनी तो मांडीवर घेऊन तळव्यानं सपाट केला. हसल्या मात्र नाहीत.