पौषातली मळणी

तिच्या डोक्याची अर्धी कातडी केसांसकट निघून गेली होती, आणि ती पदर शोधत होती. शुद्धीवर होती. सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या उजवा हात पुन्हा पुन्हा खांद्यामागे नेत होती, कारण दारात तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा भाया, उभा होता. भायासमोर उघड्या डोक्याने राहायचं नसतं. नर्सने तो हात धरून ठेवला.

मी भायाला म्हणाले, "बाहेर व्हा."

"मीच तर घेऊन आलो तिला."

"म्हणूनच सांगते."

बाकीच्या केसेस कागद पाहिल्याशिवाय मला आठवत नाहीत. ही आठवते.

जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. मी हवालदार होते. शिक्षण सातवी. ठाण्यात बाई मी एकटीच, त्यामुळे भाजलेली असो, मारलेली असो, जबाबाला मलाच पाठवत. हिचा जबाब मिळेना. काही विचारलं की डोळे मिटायची. नवरा नुसता मान हलवायचा. बोलणारा भायाच. तो म्हणाला, शेतात मळणी यंत्रात पदर गेला.

डॉक्टर सांगत होते, हिला आजच औरंगाबादला हलवा, इथे राहिली तर जखम सडेल आणि बाई जाईल. घरचे तयार नव्हते. त्यांना तिला गावी न्यायचं होतं. गावात जडीबुटीवाला आहे म्हणे. मरणाच्या दारातली बाई घेऊन माणसं मोठ्या दवाखान्याला का घाबरतात? तिथे पुन्हा विचारपूस होईल म्हणून. एवढं पोलिसाला कळतं.

व्हरांड्यात आयाने मला गाठलं. तीच जखम धूत होती.

"बाई, मळणीत गेली म्हणतेत. मंग जखमेतून कापूस कशाचा निघून राह्यला? सरकी बी निघाली."

मी शेतकऱ्याची मुलगी. पौष महिना. खरिपाची बाजरी-ज्वारी कधीच घरात आलेली, रब्बीची ज्वारी अजून रानात हिरवी उभी. मी भायाकडे परत गेले.

"कशाची मळणी चालली होती?"

"ज्वारीची."

"पौषात ज्वारी निघते ते शेत मला दाखवा. बियाणं घेऊन जाते."

काय काम करता विचारलं, तर म्हणाला, जिनिंगमध्ये मुकादम आहे. ती पण तिथेच कामाला, हे मग नवऱ्याच्या तोंडून निघालं.

फौजदार साहेबांना सांगितलं, तेही निघाले, दोन शिपाई घेतले आणि मुकादमाला सोबत घेऊन आम्ही दुपारीच मिलवर गेलो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. बायका जिनांना, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांना, कापूस भरतात, आणि त्यांच्या पाठीमागे एक लांब लोखंडी दांडा फिरतो, त्यावरून सगळ्या जिनांचे पट्टे चालतात. दांड्यावर जाळी पाहिजे. नव्हती. आणि दांडा फिरत होता. सकाळी एका बाईचं डोकं सोललं आणि दुपारी मिल चालू. खालची जागा धुतलेली, चाकाला कुंकू, समोर फोडलेला नारळ. देवाला सगळं पोचलं होतं, पंचनाम्याला काही ठेवलं नव्हतं.

साहेबांनी आधी मिल बंद करायला लावली. मालक म्हणाला, "साहेब, जाळीत कापूस अडकतो. साफ करायला दर वेळी सगळं बंद करावं लागतं. मी बोर्ड लावलाय ना, पदर खोचून काम करा. बायका बिलकुल ऐकत न्हाईत. आता ज्याचं त्याचं नशीब."

भाया म्हणे शेतात झालं, मालक म्हणे बोर्ड लावलाय. मी बायकांकडे वळले. सगळ्यांच्या डोक्यावर पदर. एकेकीला विचारलं, सगळ्यांचं एकच उत्तर.

"ती आज आल्तीच न्हाई."

माझ्या मागे मुकादम उभा होता. मी त्याला तिथेच ठेवलं आणि बायकांना मागच्या नळावर नेलं. भिंतीआड गेल्यावर सगळ्यांनी पदर खाली घेऊन कमरेला खोचले. न सांगता.

"इथं बरा खोचता येतो?"

एक म्हातारी हसली. "इथं मुकादम कुठंय? तो हिचा भाया, तिचा चुलत सासरा, माझा व्याही. त्याच्यापुढं खोचावा कसा?"

"आणि तो आला की?"

"आला की समद्या जणी जल्दी पदर घेतो. सकाळी बी तसंच झालं. तो आला, तिनं झटक्यानं पदर वर घेतला. मागं दांडा."

बोलून बसली आणि मुकादम येतो का म्हणून भिंतीकडे वळून बघितलं. मी म्हणाले, "मावशी, घरचे तिला गावी नेऊन राहिलेत. तिथं ती मरेल."

म्हातारीने ओला अंगठा पदराला पुसला. मग म्हणाली, "लिवा. माझा अंगठा घ्या. काम गेलं तर जाऊ द्या."

पदर खोचायला लावायचं काम ज्याचं, त्याच्याचसाठी पदर घ्यावा लागतो. मालकाने असा मुकादम नेमला, कारण त्याच्या शब्दावर गावच्या बायका गपगुमान कामाला येतात.

ठाण्यात मुकादमाला समोर बसवलं. हात लावायची गरज पडली नाही.

"मीच ओरडलो मशीन बंद करा म्हणून. मालक म्हणले, शेतात झालं म्हणा, न्हाईतर तुमच्या गावच्या समद्या बायका घरी बसतील."

"तुम्ही मुकादम. पदर खोचा, असं तिला कधी सांगितलं?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच काही वंगाळ बोलले.

"बाई, धाकट्या भावाच्या बायकोला असं तोंडानं कसं सांगावं?"

मी कपाळावर हात मारला. दांडा फिरतो, जाळी नाही, पदर उडतो, हे सगळं त्याला बराबर दिसत होतं. फक्त बोलायची लाज वाटत होती.

खोटं उघडं पडल्यावर लपवायला काही उरलं नाही. ठाण्याच्या जीपमध्ये तिला, नवऱ्याला आणि घरातलं कर्तं माणूस म्हणून मुकादमालाही घालून औरंगाबादला पाठवलं. मालकावर कलम २८७ आणि ३३८ प्रमाणे, म्हणजे यंत्राबाबत हलगर्जी आणि त्यातून जबर दुखापत, असा गुन्हा दाखल झाला. पुढे दंड भरून तो सुटला. जाळी मात्र बसली. नवा मुकादम आला, तोही त्याच भावकीतला.

मग मी स्वतः मिलवर जाऊन बायकांना सांगितलं, डोक्याला फडकं आवळून बांधा आणि पदर खोचा. तर त्यांच्या सासवा माझ्याशी भांडायला आल्या. "बाप्यावानी मुंडासं बांधायचं का सुनांनी?"

मी विचारलं, "डोकं झाकायचंय का पदर मिरवायचाय, ते आधी ठरवा."

"डोकं झाकायचं."

"मग फडक्यानं झाकलेलं डोकं भायाला दिसतं का?"

निम्म्या हसल्या, निम्म्या रागावून गेल्या. काहींनी फडकं बांधलं. काहींनी मी मिलच्या बाहेर पडेपर्यंतच बांधलं, हेही मला ठाऊक आहे.

साहेब लोक भाषणात म्हणायचे, कामावरचे अपघात अज्ञानाने होतात. नोकरीत मला अज्ञानी माणूस फार कमी भेटला. त्या मिलमध्ये मालकापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांना धोका माहीत होता. मालकाला मशीन थांबवायचं नव्हतं आणि बाकीच्यांना कुणाचा मान मोडायचा नव्हता. गुन्हा मी मालकावर दाखल केला. मानावर कुठलं कलम लावायचं, हे मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

औरंगाबादला तिच्या मांडीची कातडी काढून डोक्याला लावली. त्या बाजूचे केस पुन्हा आले नाहीत. ती जगली.