मुलाच्या सर्वरची राखण

मुलगा इंजिनिअरिंगला बेंगळुरूला गेला, तेव्हा जाताना म्हातारी गाय सोपवावी तसा आपला जुना कॉम्प्युटर माझ्यावर सोपवून गेला. त्यावर त्याचा सर्वर चालायचा. म्हणजे ठोकळ्यांची घरं बांधायच्या खेळातलं एक अख्खं गाव आमच्या लिंबायतच्या घरात, टीव्हीच्या खाली नांदत होतं, आणि शाळा संपल्यावर चारी दिशांना पांगलेली त्याची मित्रमंडळी इंटरनेटवरून तिथे खेळायला यायची. "मम्मी, बाकी काही नको, फक्त हे बंद पडू देऊ नको," एवढं सांगून तो रिक्षात बसला. स्वतःच्या तब्येतीला जप, असंही म्हणाला असता तर काही बिघडलं नसतं.

या गुजराती मुलखात मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. वर्गभर पोरं सांभाळणारीला ही दहा-बारा काय जड? बंद करण्याआधी काळ्या खिडकीत 'स्टॉप' टाइप करायचं, नाहीतर शेवटी बांधलेलं नाहीसं होतं. राउटर रुसला तर पिन काढून पुन्हा लावायची. सगळं शिकले. एका पोराने दुसऱ्याचं घर जाळलं, तेव्हा वर्गाबाहेर उभं करावं तसं त्याला मी दोन दिवस गावाबाहेर काढलं. त्याच्या आईला शाळेत बोलवायचं तेवढं राहिलं.

माझे यजमान जवळच्या सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत, एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहेत. बाहेरची पोरं आत यावीत म्हणून राउटरमधून वाट उघडी ठेवावी लागते, हे कळल्यापासून ते घराची कडी दोनदा तपासू लागले.

पोराचा फोन मात्र येत नव्हता. मी केला की "क्लासमध्ये आहे, नंतर करतो." ते नंतर काही उजाडायचं नाही. मला राग यायचा आणि रडूही यायचं. हे म्हणायचे, "तो शिकाले गयेल शे. शिकू दे त्याले." आम्ही घरात अहिराणी बोलतो, आणि प्रेमाचं वाक्यही रागावूनच बोलायचं असतं असा ह्यांचा पक्का समज आहे.

दसऱ्याला हे कारखान्यात मागांची पूजा करून, फाफडा-जिलबी घेऊन घरी आले. घरातलं यंत्र तेवढं उपाशी का, म्हणून कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली आणि थेट बटण दाबून तो बंद केला. "आज तेले हात लावू नको. मशीनले बी एक दिन आराम जोयजे."

जिलबी तोंडात होती तोच फोन. "मम्मी, सर्वर डाउन! बधा अटकलेत, एकालाही आत जाता येत नाही!" आरामाचं कारण ऐकून तो पोट धरून हसला. मग तिथला भात, घोरणारा रूममेट, फाफड्याबरोबरच्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीची, संभाऱ्याची आठवण, असं कितीतरी बोलत राहिला. फोन स्पीकरवर होता. ह्यांच्या हातात पेपर होता, पण पान उलटत नव्हतं.

त्यानंतर त्या यंत्राला दुखणंच जडलं. रविवारची दुपार झाली की बंद. मी वायरी बदलल्या, पंख्यात अक्षता अडकल्या असतील म्हणून पेटी उघडून ब्रशने झाडली. दोष काही सापडेना. पोराचा फोन मात्र पाच मिनिटांत हजर. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज दर आठवड्याला पडत होती, म्हणून वैद्याचं बरं चाललं होतं.

एका रविवारी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आले, तर हे टीव्हीखाली वाकलेले. एका बोटाने अक्षरं शोधून 'स्टॉप' टाइप करत होते. पोराचं बांधलेलं काही मोडू नये म्हणून थोडा वेळ थांबले, मग बटण दाबलं. माझा मोबाइल उचलून स्वतःच्या खुर्चीजवळ ठेवला आणि पेपर उघडून बसले. मी जिन्यातच उभी राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाची मला एवढी माया कधी आली नव्हती. मग मुद्दाम पाय आपटत आत गेले आणि म्हणाले, "अगं बाई, परत बंद पडलं!"

पुढच्या महिन्यात पोराने आनंदाची बातमी दिली. "मम्मी, तुम्हाला उगाच किती त्रास! आम्ही सगळ्यांनी मिळून भाड्याचा सर्वर घेतला. आता बंदच पडणार नाही."

"बरं झालं रे बाळा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या रविवारी फोन आला नाही, पुढच्याही नाही. ह्यांनी कारण नसताना कॉम्प्युटरची धूळ पुसली. मग एका दुपारी, जन्मात कोणाला आपणहून फोन न केलेल्या या माणसाने माझा मोबाइल मागितला आणि पोराला लावला. मला वाटलं, विचारतील, जेवलास का, घरी कधी येतोस.

"का रे," हे खाकरून म्हणाले, "तुना नवा सर्वर चालू शे ना?"

तिकडून पोरगा भरभरून काहीतरी समजावू लागला. ह्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण तो जरा थांबला की हे घाईघाईने म्हणत, "हां, मंग? मंग काय?"